सात गुंठ्यांचा एनए प्लॉट तिघांत विभागायचा: आधी वाटणीपत्र की आधी नकाशा मंजुरी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नगरपरिषद हद्दीतला, जुन्या मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) रहिवासी एनए (अकृषिक) प्लॉट आहे, जिल्हा सातारा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) क्षेत्र ७०२ चौ.मी., म्हणजे जेमतेम सात गुंठे. नाव अजून वडिलांचंच, ते हयात नाहीत. आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. वाद नाही, तिघांनाही सारखा वाटा मान्य आहे.

जागेची माहिती अशी: पुढे ९ मीटरचा रस्ता, बाकी तिन्ही बाजूंना दुसऱ्यांचे प्लॉट. समोरची रुंदी १८ मी., खोली ३९ मी. रस्त्यापासून ४.५ मी. आणि डाव्या हद्दीपासून १.८ मी. सोडून ९ × ११ मीटरचं बैठं घर. बोअर आणि सेप्टिक टँक घराच्या मागे.

वाटणीपत्राचा मसुदा तयार आहे. त्यात पुढचा भाग घरासह एकाला, मागचे दोन भाग उरलेल्या दोघांना, आणि उजव्या हद्दीला लागून ३ मीटरची सामायिक वाट असं धरलंय. दस्त नोंदवला की आपोआप तीन मिळकत पत्रिका होतात का? तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणारा कायदा) आड येईल का? मुद्रांक शुल्क कशावर लागतं? आणि मुळात क्रम काय ठेवायचा?

---

मोजपट्टी

मसुदा थांबवा. सही झालेली नाही ना, मग अजून काही बिघडलेलं नाही.

नाही, दस्त नोंदवून तीन पत्रिका होत नाहीत. वाटणीपत्र फक्त एवढंच ठरवतं की कुणाचा हक्क कुठे. जमिनीचे भाग पाडणं हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे ‘विकास’ या व्याख्येतच येतं (कलम २(७) मध्ये रेखांकन आणि पोटविभाजन हे शब्द स्पष्ट आहेत). म्हणजे भिंत बांधायला जशी परवानगी लागते तशीच नकाशावर रेषा ओढायलाही लागते. तिसरं काम भूमी अभिलेख खात्याचं (जमिनीच्या मोजणीचं आणि नोंदींचं खातं): ती रेषा जागेवर मोजून नवे क्रमांक देणं. हक्काचा कागद, मंजूर नकाशा आणि मोजणी, या तिन्हींत रेषा एकाच जागी असायला हवी. एका ठिकाणी जरी ती फूटभर सरकली तरी पुढे बँक, बांधकाम परवानगी, विक्री, सगळं अडतं.

तुमच्या मसुद्यातली खरी अडचण ती ३ मीटरची वाट आहे. एकत्रीकृत विकास नियमावलीत (२०२० ची, मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर लागू) पोटविभाजनातल्या अंतर्गत रस्त्याला १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंदी धरली आहे. तुमच्याकडे डावीकडचं १.८ मी. अंतर आणि घराची ९ मी. रुंदी गेली की उजवीकडे ७.२ मीटरच उरतात. घर उभं असताना त्यात ९ मीटरचा रस्ता बसतच नाही. घर पाडलं तरी १८ पैकी ९ मीटर रस्त्यात घालणं म्हणजे निम्मा प्लॉट घालवणं.

मग होतं काय, की वाटणीपत्र नोंदवलं जातं, घरात सगळे समाधानी असतात, आणि तीन-चार वर्षांनी मागच्या वाट्याचा धनी बांधकाम परवानगीला गेला की नगररचना विभाग विचारतो, हा भूखंड कोणत्या मंजूर नकाशातला? पोहोच रस्ता कुठला? दोन्हींचं उत्तर नाही. तोवर पुढच्याने कुंपण घातलेलं असतं आणि वाटणी पुन्हा उघडायला कुणी तयार नसतं. मागच्या वाट्याला कागदावर २३० चौ.मी. मिळतात, बांधायला काहीच मिळत नाही. सारखी वाटणी म्हणून केलेला दस्त प्रत्यक्षात फार असमान निघतो, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

तुमच्या जागेला तीन पर्याय दिसतात.

पहिला: तिघांनाही रस्त्याला तोंड असलेल्या उभ्या पट्ट्या, सहा-सहा मीटरच्या. यात घर पाडावं लागेल, कारण पहिली रेषा डाव्या हद्दीपासून ६ मीटरवर, म्हणजे घराच्या मधोमध येते. सहा मीटरमध्ये दोन्ही बाजूंनी मार्जिन (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडून घर नीट बसत नाही, तेव्हा सामायिक भिंतीची रो-हाऊस पद्धत धरावी लागते. ती पोटविभाजनाच्या नकाशातच दाखवून घ्या, नंतर मागू नका.

दुसरा: घर ठेवायचं आणि दोनच भाग करायचे. रेषा डावीकडून १०.८ मीटरच्या पलीकडे, शिवाय उभ्या घराचं बाजूचं मार्जिन सोडून. उजवीकडे फार तर सहा मीटरची पट्टी राहते. तिसऱ्याला फरकाची रक्कम द्यायची.

तिसरा: जमीन फोडायचीच नाही. भूखंड एकसंध ठेवून एकच इमारत, प्रत्येकाला एक मजला, आणि जमिनीत प्रत्येकाचा अविभाजित हिस्सा, हे वाटणीपत्रातच लिहायचं. सात गुंठ्यांच्या, एकाच बाजूने रस्ता असलेल्या खोल प्लॉटला बहुतेक वेळा हाच जास्त फायद्याचा पडतो, कारण रस्त्यात आणि मधल्या मार्जिनमध्ये जागा जात नाही.

कोणताही घ्या, क्रम असा: वारस नोंद → हद्द कायम मोजणी → पोटविभाजनाचा नकाशा आणि मंजुरी → त्याच नकाशावर वाटणीपत्र → पोटविभाजन मोजणी → नव्या मिळकत पत्रिका. तिसऱ्या पर्यायात नकाशा इमारतीचा असेल आणि शेवटच्या दोन पायऱ्या लागणार नाहीत.

---

परिशिष्ट

वर तांत्रिक बाजू नीट आली आहे. दस्ताच्या बाजूने काही गोष्टी.

आई हयात आहेत का? प्रश्नात उल्लेख नाही. प्लॉट वडिलांचा स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा आणि मुलं सगळे वर्ग एकचे वारस, वाटे सारखे. म्हणजे तीन नव्हे, चार. आईला वगळून केलेलं वाटणीपत्र हे पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाला पहिल्याच शोधात दिसतं.

तुकडेबंदी: १९४७ चा तो कायदा शेतजमिनीसाठी आहे. शिवाय कलम ८ब प्रमाणे नगरपालिका आणि महानगरपालिका हद्दीतल्या जमिनींना तो आडवा येत नाही, पण अट अशी की तुकडा मंजूर पोटविभाजनातून किंवा रेखांकनातून निघालेला हवा. म्हणजे फिरून तिथेच येतो. महाराष्ट्र नोंदणी नियम १९६१ मधल्या नियम ४४(१)(i) खाली दुय्यम निबंधक परवानगीचा कागद मागतात तो याचसाठी. एनए आदेश, सनद (अकृषिक वापराचा सरकारी दाखला), मिळकत पत्रिका आणि मंजूर नकाशा सोबत लावला की हरकत राहत नाही.

तुमच्या प्लॉटच्या मूळ एनए आदेशाची प्रत काढून अटी वाचा. ‘मंजूर रेखांकनातील भूखंडाचे पूर्वपरवानगीशिवाय पोटविभाजन करता येणार नाही’ अशी अट जुन्या आदेशांत बहुधा असतेच.

मुद्रांक: वाटणीपत्राला अनुच्छेद ४६. सगळ्यात मोठा वाटा बाजूला काढायचा आणि उरलेल्या वाट्यांच्या बाजारमूल्यावर २ टक्के. वाटे सारखे असतील तर कोणताही एक बाजूला. समजा वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनर) प्रत्येक वाटा २८ लाखांचा, तर शुल्क ५६ लाखांवर, म्हणजे १,१२,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००, म्हणून इथे ३०,००० च. मूल्यदर दर वर्षी १ एप्रिलला बदलू शकतात, तेव्हा मार्चअखेर मंजुरी हातात असेल तर दस्त लांबवू नका.

कुणाला वाटा नको असेल, आई मुलांच्या बाजूने सोडणार असतील, तर वाटणीपत्राआधी हक्कसोडपत्र करा. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जवळच्या नात्यात विनामोबदला सोडला तर मुद्रांक ५०० रुपये. मात्र पैसे घेऊन सोडला तर त्याला खरेदीखतासारखं शुल्क लागतं. पैसे प्रत्यक्षात द्यायचे आणि दस्तात ‘विनामोबदला’ लिहायचं, हे करू नका. उद्या बिनसलं तर सिद्ध करायला काही उरत नाही.

साध्या कागदावरचं ‘आपसांतलं वाटप’ चालेल का, असा प्रश्न पुढे येईलच. आज नव्याने वाटणी करताय तर १०० रुपयांवरच्या स्थावराची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी कायदा १९०८, कलम १७.

---

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. आई आहे, आणि प्लॉट वडिलांनीच घेतलेला. आई तिघांच्या बाजूने हक्कसोड करायला तयार आहे. घर जुनं आहे, पाडायला हरकत नाही, तेव्हा उभ्या तीन पट्ट्यांचा विचार करतोय. काल टेप लावून पाहिलं तर समोर १८ मीटर बरोबर भरतात, पण मागची बाजू १७.४ च भरते. मग रेषा सहा-सहा मीटरवर मारल्या तर चालेल का?

---

मोजपट्टी

नाही, आणि हे आत्ता दिसलं ते फार बरं झालं. आकडे मांडून पाहा.

समोर १८.०, मागे १७.४, खोली ३९. सरासरी रुंदी १७.७, क्षेत्र १७.७ × ३९ = ६९०.३ चौ.मी. पत्रिकेवर ७०२. नकाशाच्या क्षेत्र तक्त्यात तीन आकडे भरावे लागतात: मालकी कागदाप्रमाणे, मोजणी नकाशाप्रमाणे आणि जागेवर. तिन्हींतला सगळ्यात कमी धरला जातो. म्हणजे पुढचं सगळं ६९०.३ वर चालणार आणि प्रत्येकाचा वाटा २३०.१.

आता डावीकडून पुढे-मागे सहा-सहा मीटर मोजत गेलात तर पहिल्या दोघांना ६ × ३९ = २३४ चौ.मी. मिळतात आणि शेवटच्याला मागे ५.४ मीटरच उरतात. त्याचं क्षेत्र (६ + ५.४) ÷ २ × ३९ = २२२.३. पावणेबारा चौरस मीटरचा फरक, म्हणजे एक खोली. रेषा पुढे ६.०-६.०-६.० आणि मागे ५.८-५.८-५.८ अशा ठेवा, तिघांना २३०.१ येतात. (चारही कोपरे काटकोनात नसतील तर कर्णसुद्धा मोजावे लागतील. टेपने दोन्ही कर्ण घ्या, मोजणीच्या दिवशी ताडायला उपयोगी पडतात.)

पण ही १७.४ आधी अधिकृतपणे पक्की करा. कदाचित मागच्या शेजाऱ्याचं किंवा बाजूचं कुंपण आत आलेलं असेल आणि खरी हद्द पलीकडे असेल. म्हणून हद्द कायम मोजणी सगळ्यात आधी. अर्ज ई-मोजणीवर, कार्यालय उपअधीक्षक भूमी अभिलेख. १ डिसेंबर २०२४ पासून दोनच प्रकार आहेत, नियमित आणि द्रुतगती. पालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमितचे ३,००० आणि द्रुतगतीचे १२,००० रुपये. लगतच्या धारकांना नोटीस जाते. त्यांना तुम्ही स्वतःही आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण शेजारी हजर असताना दाखवलेली खूण पुढे टिकते. त्या दिवशी कोपऱ्यांना पक्के दगड किंवा सिमेंटचे खांब लगेच रोवून घ्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते आणि ‘खूण इथे होती की तिथे’ यावर भांडण सुरू होतं. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या, नकाशा मंजुरीला तीच लागते.

मंजुरीच्या प्रस्तावात: वारस नोंद झालेली ताजी मिळकत पत्रिका, ‘क’ प्रत, मूळ मंजूर रेखांकनाची प्रत, एनए आदेश किंवा सनद, झोन दाखला आणि भाग नकाशा, घरपट्टीचा थकबाकी नसल्याचा दाखला, सगळ्या धारकांचं संमतिपत्र. वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता ऑनलाइन दाखल करेल. जुनं घर नकाशात ‘पाडावयाचे’ म्हणून दाखवा. ते दाखवायचं राहिलं तर रेषा घरातून जाते म्हणून प्रस्ताव परत येतो. छाननी शुल्काखेरीज जमिनीचं विकास शुल्क लागेल ते रहिवासी वापराला जमिनीच्या मूल्यदराच्या ०.५ टक्का. मंजुरी एक वर्ष चालते, वर्षावर्षाने वाढवत जास्तीत जास्त चार वर्षं.

बोअर आणि सेप्टिक टँक कुणाच्या पट्टीत येतात तेही नकाशावर काढून पाहा. टँक मधल्या पट्टीत असेल तर तो बुजवणार केव्हा आणि कोणाच्या खर्चाने, बोअरचं पाणी तिघं किती वर्षं वापरणार, पाइप कुठल्या रेषेने जाणार, हे वाटणीपत्रात एका परिच्छेदात लिहून टाका. जमिनीपेक्षा पाण्यावरून जास्त वाटण्या मोडतात.

---

भोरवाट

याच विषयातलं विचारतो. नगरपरिषदेबाहेर, प्रादेशिक योजनेत रहिवासी विभागात ४५ गुंठे आहेत, अजून सातबारावर. चार भाऊ. आधी चौघांत सव्वाअकरा-सव्वाअकरा गुंठे करून घ्यायचे आणि मग प्रत्येकाने आपापले प्लॉट पाडायचे, म्हणजे १० टक्के खुली जागा सोडावी लागत नाही, असं एकाने सुचवलंय. बरोबर आहे का?

---

रेखांकन_कक्ष

बरोबर नाही. ४५ गुंठे म्हणजे साधारण ४,५५२ चौ.मी. खुल्या जागेची अट ४,००० चौ.मी. पासून लागते, म्हणून सगळे हा हिशेब करतात. पण नियमावलीत हे क्षेत्र ११ जानेवारी १९६७ रोजीच्या मूळ धारणेवर मोजायचं आहे (नगररचना अधिनियम त्या दिवशी अमलात आला). नंतर मंजुरीशिवाय झालेले हिस्से त्यासाठी धरत नाहीत. तेव्हा चौघांनी वेगवेगळे अर्ज केले तरी जुना सातबारा आणि फेरफार मागवले जातात आणि सगळं एकत्र मोजलं जातं. उलट चार वेगळ्या तुकड्यांत चार वेगळे रस्ते सोडावे लागून जागा जास्त जाते.

चौघांनी मिळून एकच रेखांकन करा. ढोबळ हिशेब: खुली जागा ४५५ चौ.मी. आत समजा ७० मीटर लांबीचा ९ मीटर रस्ता, ६३० चौ.मी. प्लॉटसाठी उरतात ३,४६७, म्हणजे ७६ टक्के. समोरच्या रस्त्याचं रुंदीकरण असेल तर ते आणखी वजा. १५० मीटरच्या पुढे रस्ता गेला तर रुंदी १२ होते, म्हणून रस्त्याची लांबी आखतानाच बघा. रस्ते मिळतात तिथले कोपरे गोलाईने कापायचे असतात, कोपऱ्याच्या प्लॉटचं क्षेत्र तेवढं कमी होतं. ते आधी न धरता प्लॉटचे आकडे भावांना सांगून बसलात तर अंतिम नकाशात कोपरेवाला नाराज.

रहिवासी विभागात असल्यामुळे स्वतंत्र एनए आदेशाची गरज नाही, जमीन महसूल अधिनियमातली ४२ब ते ४२ड ही कलमं त्यासाठीच आणली होती. त्यांच्याप्रमाणे रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरून सनद मिळायची. पण एनए झालं म्हणजे प्लॉट पडले असं नाही. ही गल्लत फार महागात पडते. सनद जमिनीचा वापर बदलते, तिच्याने हद्दी पडत नाहीत.

रेखांकनाची मंजुरी दोन टप्प्यांत. आधी तात्पुरती. मग तिच्यावरून भूमी अभिलेख जागेवर आखणी करून मोजणी करतं, रस्ते आणि गटारं करायची, मग अंतिम मंजुरी. तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकू नका. आखणीत दोन-चार चौरस मीटर इकडेतिकडे होतातच आणि मग खरेदीखतातलं क्षेत्र अंतिम नकाशाशी जुळत नाही.

आणि अंतिम मंजुरीनंतर सगळे जिथे थांबतात ते काम: कमी-जास्त पत्रक (क.जा.प., म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे क्षेत्रांतला बदल भूमी अभिलेखात नोंदवणारा कागद). अंतिम नकाशा आणि आदेश घेऊन उपअधीक्षक भूमी अभिलेखांकडे क.जा.प. करून घ्या. त्यावरून ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) फेरफार धरतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि प्रत्येक प्लॉटचा, रस्त्याचा, खुल्या जागेचा वेगळा सातबारा निघतो. क.जा.प. झालं नाही तर वीस प्लॉटधारक एकाच सातबाऱ्यावर नावं लावून बसतात, आणि एकाचा बँकेचा बोजा सगळ्यांच्या उताऱ्यावर दिसतो. हे काम मूळ धारकानेच करावं. प्लॉट विकल्यावर वीस जणांच्या सह्या गोळा करायला कुणी फिरत नाही.

---

कृष्णाकाठ

शेवटचं विचारतो. वाटणीपत्र झाल्यावर नव्या मिळकत पत्रिका मिळेपर्यंत तिघं बांधकामाचा अर्ज करू शकतात का?

---

परिशिष्ट

मंजूर पोटविभाजन आणि नोंदवलेला दस्त असेल तर अर्ज दाखल होईल, पण गृहकर्जाला बँक नवी पत्रिका मागणारच. म्हणून दस्ताच्या दुसऱ्याच दिवशी नगर भूमापन कार्यालयात पोटविभाजन मोजणी आणि फेरफाराचा अर्ज एकत्र टाका. काम परिरक्षण भूमापकाकडे असतं. हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते, मूळ क्रमांकाला /१, /२, /३ पडून तीन पत्रिका निघतात.

दस्ताच्या परिशिष्टात प्रत्येक वाट्यापुढे क्षेत्र, चारही बाजूंची लांबी आणि चतुःसीमा लिहा, आणि मंजूर नकाशाची प्रत दस्ताचाच भाग म्हणून सगळ्यांच्या सह्यांनिशी जोडा. ‘अंदाजे’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. नव्या पत्रिका हातात आल्या की त्यावरचं क्षेत्र तिथेच, खिडकीसमोर उभं राहून दस्ताशी ताडून पाहा. २३०.१ च्या जागी २३१.० टाइप झालं असेल तर तेव्हाच सांगता येतं, नंतर दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो. मग त्या पत्रिका घेऊन पालिकेत घरपट्टीची आकारणी वेगळी करून घ्या आणि तिघांचे वीजमीटर आणि नळजोडण्या आपापल्या क्रमांकावर मागा.